दोष : चालक

पत्रातला ‘मोफत’ हा शब्द दिसला आणि तिने सवयीने कागद उलटा करून पाहिला. पाठ कोरी होती. म्हणजे चिमट्यात लावायला हरकत नव्हती. स्वयंपाकघराच्या दारामागे एक रुंद लोखंडी चिमटा खिळ्याला टांगलेला होता. विम्याची आमंत्रणं, पडद्यांच्या दुकानाच्या जाहिराती, दात तपासून घ्या म्हणणारी पत्रकं, घरात येणारा प्रत्येक एकपाठी कागद त्या चिमट्यात जाऊन बसायचा. तिची मुलगी भिंगरी चार वर्षांची होती आणि दिवसाला सहा-सात चित्रं काढायची. तिला कोरे करकरीत कागद पुरवायचे म्हणजे चैन, हे तिनेच ठरवलेलं. खालच्या टपालपेटीतून पत्रं आणायची, पाकिटं कात्रीने उघडायची, एका नजरेत कामाचं आणि बिनकामाचं वेगळं करायचं, हे शनिवारचं काम तिचं. त्यात तिचा हात कुणी धरला नसता. नोकरीतही ती हेच करायची. औषधाच्या खोक्यात पातळ कागदाची जी दहा घड्यांची चिठ्ठी असते, एकदा उघडली की परत जिची घडी जमत नाही आणि जी जगात कुणी वाचत नाही, ती चिठ्ठी ती वाचायची, छपाईला जायच्या आधी, पट्टी खाली सरकवत एकेक ओळ. चक्कर येणे. क्वचित दृष्टी धूसर होणे. औषध घेतल्यावर वाहन चालवू नये. तिच्या नजरेतून स्वल्पविराम सुटत नसे. कागद चिमट्यात सरकवताना तिचा अंगठा वरच्या कोपऱ्यातल्या तांबड्या अक्षरांवर पडला. दुसरी व अंतिम सूचना. अंगठा तिथेच राहिला.

पत्र सासऱ्यांच्या नावाने होतं. गाडी त्यांचीच, निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली. आपल्या वाहनाच्या स्टीअरिंगला साहाय्य करणारी मोटर काही परिस्थितीत अचानक बंद पडण्याची शक्यता आढळून आली आहे. विशेषतः इंजिन थंड असताना व कमी वेगाने वळण घेताना चाक एकाएकी जड होऊन वाहनावरील ताबा सुटू शकतो. सदर भाग मोफत बदलून दिला जाईल. तिने परत वाचलं. पट्टी नव्हती म्हणून बोट ठेवून वाचलं. ‘शक्यता’, ‘काही परिस्थितीत’, ‘एकाएकी’, हे सगळे तिच्या ओळखीचे शब्द होते. रोज दहा ते सहा ती ह्याच शब्दांच्या संगतीत असायची. पण आज ते चिठ्ठीतून उठून घरात येऊन बसले होते. आणि मग, पत्र वाचून होऊन चांगलं अर्धं मिनिट गेल्यावर, तिच्या डोक्यात प्रश्न आला की गाडी आत्ता कुठे आहे.

गाडी नवरा घेऊन गेला होता. मागच्या सीटवर भिंगरी, मांडीवर भेटवस्तूचं खोकं, मैत्रिणीच्या वाढदिवसाला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. पंधरा मिनिटं झाली असतील. तिने फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. तो उचलणार नव्हता. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हा नियम तिनेच घातलेला होता, शपथ घालून. ती खुर्चीत बसली, उठली, परत बसली. घरापासून तिथवर डावी वळणं किती? दूधकेंद्रापाशी एक. पेट्रोलपंपानंतर दुसरं. पुलाखालून बाहेर पडताना एक अर्धवट, ते धरायचं की नाही? जिथे ट्रक उभे असतात त्या गोदामाच्या भिंतीला लागून एक. उजव्या वळणांचं काय? पत्रात नुसतं वळण म्हटलं होतं, डावं-उजवं नव्हतं. डावं तिच्याच डोक्यातलं. डावं त्या दिवसाचं.

त्या दिवशी सासरे भिंगरीला शिशुवर्गातून आणत होते. ते त्यांचंच काम होतं, कारण तिला गाडी चालवता येत असूनही ती चालवत नसे. परवाना होता, कपाटात, कागदपत्रांच्या फायलीत. लग्नानंतर दोनदा चालवली, तीही सासरे शेजारी बसलेले असताना, आणि दुसऱ्यांदा एका सायकलवाल्याला वाचवताना तिला असा घाम फुटला की तिने रस्त्यातच चावी काढून त्यांच्या हातात दिली होती. ‘अगं, घाबरणारा माणूस चांगला ड्रायव्हर होतो,’ ते म्हणाले होते, ‘न घाबरणाऱ्यांच्या गाड्या मी डेपोत ओढून आणल्यात.’ एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली. एकतीस वर्षांत साधा आरसा फुटला नव्हता, आणि हे ते सांगायचे नाहीत, सेवानिवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ सांगायचं. दिवाणखान्यात टांगलेलं, खाली ‘निर्दोष सेवेबद्दल’ असं कोरलेलं. मग त्या दिवशी औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर गाडी डावीकडे वळली नाही. सरळ गेली, फुटपाथवर चढली आणि विजेच्या खांबाला भिडली. भिंगरीच्या भुवईवर पाच टाके. सासऱ्यांचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. दुकानाबाहेर उभ्या असलेल्या कुणीतरी सांगितलं, म्हातारा माणूस, डुलकी लागली असणार, आणि ते इतकं पटण्यासारखं होतं की कुणी दुसरं काही विचारलंच नाही. सासऱ्यांनीही नाही. ‘चाक अडकलं,’ एवढंच ते एकदा म्हणाले. मग गॅरेजवाल्याने पत्रा ठोकून, रंग देऊन गाडी परत केली आणि सांगितलं की स्टीअरिंगला काही झालेलं नाही, लोण्यासारखं फिरतंय. त्यानंतर ते तेही म्हणाले नाहीत.

फोन वाजला तेव्हा ती दारापर्यंत जाऊन आली होती, कितव्यांदा कोण जाणे. ‘अगं, सात मिस्ड कॉल? काय झालं? बाबा बरे आहेत ना?’ मागे मुलांचा कल्लोळ. ‘भिंगरी कुठे आहे?’ ‘ही काय, फुग्यावर बसायला बघतेय. काय झालं?’ तिने पत्र वाचून दाखवलं. त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचलं. मग तो म्हणाला, ‘अगं, सहा महिने मी चालवतोय ना ती.’ ‘तुला कधी जड लागलं नाही?’ ‘एकदा-दोनदा. सकाळी निघताना. मला वाटलं, ठोकल्यामुळे काहीतरी वाकडं झालं असेल, दाखवू कधीतरी.’ ‘आणि तू मला बोलला नाहीस?’ ‘तुला बोललो असतो तर तू मला पायी पाठवलं असतंस ऑफिसला,’ तो हसला, आणि ती हसली नाही हे कळून थांबला. ‘बरं बरं. सावकाश आणतो. आता इंजिन गरम आहे, पत्रातच लिहिलंय ना, थंड असताना म्हणून?’ ‘पत्रात विशेषतः लिहिलंय,’ ती म्हणाली. ‘विशेषतः म्हणजे फक्त नव्हे.’ ‘धन्य आहे बाई तुझी,’ तो म्हणाला. ‘गाडी इथेच ठेवतो. बसने येतो. झालं समाधान?’

समाधान झालं नाही. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तिच्या मनात ‘दुसरी’ हा शब्द सलत होता. दुसरी आणि अंतिम. पत्राच्या शेवटी, सही-शिक्क्याच्या खाली, मुंगीएवढ्या टाइपात लिहिलं होतं की यासंबंधीचं पहिलं पत्र आपल्याला एक फेब्रुवारी रोजी रवाना करण्यात आलं आहे. असल्या टाइपात लिहिलेलं तिच्याशिवाय कोण वाचणार? तिने तेही वाचलं, आणि बोटांवर दिवस मोजले. अपघात तेवीस फेब्रुवारीचा. पत्र यायला तीन दिवस धरले, चार धरले, तरी हातात उरतात अठरा-एकोणीस दिवस. पत्र आलंच नसेल. टपालात गहाळ झालं असेल. पण टपालात गहाळ होणाऱ्या गोष्टी आणि आपल्या हातून चिमट्यात जाणाऱ्या गोष्टी यांतलं प्रमाण तिला माहीत होतं. तिने चिमटा खाली काढला. मग भिंगरीच्या चित्रांचं खोकं काढलं, बुटांचं, झाकण फाटलेलं. एकेक चित्र उलटं करून पाहू लागली. सूर्याच्या पाठीवर विमा होता. माशाच्या पाठीवर पडदे. तीन पायांच्या मांजराच्या पाठीवर दात. खोकं संपलं. सापडलं नाही म्हणून सुटकेचा श्वास घ्यायला तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिला आठवलं की एक चित्र खोक्यात नाही. ते सासऱ्यांच्या खोलीत आहे.

सासरे फिरायला गेले होते. पूर्वी ते भिंगरीला घेऊन जायचे. आता एकटे जायचे, सकाळी दहाला, आणि बरोबर साडेअकराला परत, वेळापत्रक असल्यासारखे. त्यांची खोली म्हणजे एक खाट, एक लोखंडी कपाट, खिडकीत मनगटाच्या व्यायामाचा रबरी चेंडू, त्यावर धूळ. आणि उशाच्या भिंतीवर ते चित्र, चार कोपऱ्यांना चार चिकटपट्ट्या, एखादं प्रशस्तिपत्रक लावावं तसं नीट पातळीत लावलेलं. गाडी होती. गाडीला डोळे होते. मागच्या खिडकीत एक छोटं गोल डोकं, दोन शेंड्या. पुढे आजोबा, आणि आजोबांचे हात. केवढे हात! चाकापेक्षा मोठे, एकेका हाताला सहा-सात बोटं, कारण मोजता येत नव्हतं तेव्हा भिंगरीला. तिने नखाने एक पट्टी सोडवली. दुसरी. कागद दुमडून पाठ पाहिली. आदरणीय ग्राहक. मोफत. आणि तारीख. खाली अगदी तोच मजकूर होता, ‘काही परिस्थितीत’ आणि ‘एकाएकी’, फक्त तांबडी अक्षरं नव्हती. ती खाटेवर बसली. सहा महिने हा माणूस ह्या कागदाखाली डोकं ठेवून झोपत होता. ह्या कागदाकडे बघत होता आणि बाजू चुकीची होती.

तिला आठवायचं नव्हतं तेच आठवलं. दवाखान्याचा व्हरांडा, फिनेलचा वास, आतून भिंगरीचं रडणं आणि मग न रडणं, जे जास्त वाईट होतं. सासरे बाकावर बसलेले, उजवा हात फळीला बांधलेला. नवरा अजून पोचायचा होता. ते उठले, डाव्या हाताने दार ढकलून आत जाऊ लागले, आणि ती मध्ये उभी राहिली. ‘बाबा, पुन्हा माझ्या मुलीला हात लावू नका.’ आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर पुढे कधीतरी म्हणता आलं असतं की रागात गेलं तोंडातून. तिने ते अगदी सावकाश म्हटलं होतं, चिठ्ठीतल्या ओळीसारखं. मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा. तिथून जाणारी परिचारिका क्षणभर थांबली होती, बस. नवऱ्याला ते माहीत नव्हतं, भिंगरीला नव्हतं. सासऱ्यांनी मान हलवली, डेपोतला हुकूम ऐकावा तशी, आणि जाऊन बाकावर बसले. त्या दिवसापासून भिंगरी त्यांचा हात धरायला धावली की ते दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवायचे. ‘आजोबा, हात!’ ‘हात कामावर गेलेत,’ ते म्हणायचे. पोरगी हसायची. तिला वाटायचं खेळ आहे.

साडेअकराला पाच कमी होते. तिने चित्र परत लावलं. जुन्या पट्ट्या चिकटेनात. कोपरा सुटून पुढे यायचा, पाठीवरच्या अक्षरांची एक ओळ दाखवायचा. तिने स्वयंपाकघरातून चिकटपट्टी आणून दोन नवे तुकडे लावले. घाईत एक तिरका लागला.

संध्याकाळी नवऱ्याने पत्र वाचलं, दुसरं. पहिल्याबद्दल ती बोलली नाही. मुंगीएवढा टाइप त्याने वाचलाही नाही. कपाळाला हात लावून तो खिडकीत जाऊन उभा राहिला. ‘म्हणजे बाबा झोपले नव्हते.’ ‘नाही.’ ‘आणि आपण...’ मग वळून, आवाज खाली आणून, ‘हे बघ, त्यांना कशाला सांगायचं आता? सावरलेत. परत सगळं उकरायचं, परत त्यांना त्रास. मंगळवारी नेऊ, भाग बदलून घेऊ, संपला विषय.’ तिला वाटलं, किती सोपं आहे. तो दया म्हणून सांगतोय आणि आपल्याला ती दया म्हणून घेता येईल. बाहेर दाराशी चाव्यांच्या आकड्याला सुतळीने टांगलेली सासऱ्यांची वही होती. ती दोघांनाही दिसत होती आणि दोघंही तिच्याकडे बघत नव्हती.

ती वही म्हणजे घरातला एक कायमचा विनोद होता. डेपोत प्रत्येक चालकाने गाडी लावताना दिवसभरात जाणवलेला दोष लिहून सही करायची असते, आणि सकाळी कारागिराने समोर काय केलं ते लिहून सही करायची. ती शिस्त सासऱ्यांनी घरच्या गाडीलाही लावली होती. चार रकाने, पट्टीने आखलेले. तारीख, दोष, कारवाई, सही. वायपरचं रबर झिजलंय. मागच्या डाव्या चाकात हवा कमी. हॉर्न दमल्यासारखा वाजतो. नवरा कारवाईच्या रकान्यात लिहायचा, ‘हॉर्नला रजा दिली’. सासरे रागवायचे, ‘अरे, थट्टा वेगळी, नोंद वेगळी.’ जानेवारीच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, स्टीअरिंग सकाळी पहिल्या वळणाला जड. समोर नवऱ्याचं अक्षर, ‘चालकाने दूध प्यावे.’ आठवड्याने परत, स्टीअरिंग जड. समोर, ‘दोन ग्लास.’ त्यावर ती हसली होती. तिला आठवत होतं, पोट धरून हसली होती, आणि सासरेही शेवटी हसले होते. तिसऱ्यांदा लिहिलं होतं तेव्हा समोर कुणी काहीच लिहिलं नव्हतं. आणि मग शेवटची नोंद, डाव्या हाताने लिहिलेली, अक्षरं शाळकरी पोराच्या अक्षरांसारखी पडत-उठत गेलेली. दि. २३. अपघात. दोष : चालक. कारवाई : चालक कामावरून कमी. सही.

मंगळवारी नवऱ्याने वाढदिवसाच्या ठिकाणी ठेवलेली गाडी टो करून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पोचवली आणि तिथूनच ऑफिसला गेला. ती थांबली. काचेच्या भिंतीपलीकडे गाडी उचलून धरली होती, चारही चाकं अधांतरी, आणि तिला उगाच लाज वाटली, तपासणीच्या टेबलावर कुणाला तरी बघितल्यासारखी. टेबलामागचा सुपरवायझर तरुण होता, बोलघेवडा. ‘काय ताई, पहिल्या पत्रालाच यायचं ना! तेव्हा दीड तासात मोकळे झाला असता. आता बघा गर्दी.’ ‘पहिलं मिळालं नाही,’ ती म्हणाली. इतकं पटकन निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. ‘होतं असं. लोक जाहिरात समजून फेकतात. माझ्या सासूबाईंनी तर आमच्याच कंपनीच्या पत्रावर लसूण निवडला.’ तो हसला आणि त्याने एक फॉर्म पुढे सरकवला. नाव, गाडीचा क्रमांक, किती किलोमीटर झाले. मधोमध एक ओळ. सदर दोषामुळे आपल्या वाहनाला अपघात घडला आहे काय? हो, नाही. दोन चौकोन. खाली लिहायला दोन रेघा. दोन रेघांत काय मावणार होतं? ‘ते “नाही”च असतं सगळ्यांचं,’ सुपरवायझर म्हणाला, ‘हो लिहिलं की वरून माणसं येतात, चौकशा, जबाब. तुम्हालाच डोकेदुखी.’ तिने पेन उचललं. आयुष्यभर ती दुसऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर लाल शाईने लिहीत आली होती की ‘क्वचित’ हा शब्द कशाच्या आधारावर? किती रुग्णांत? पुरावा जोडा. इथे पुरावा भिंगरीच्या भुवईवर होता, पाच टाक्यांचा. तिने ‘नाही’च्या चौकोनात खूण केली. तास-दोन तासांनी काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत काढलेला जुना भाग तिच्या हातात देण्यात आला, नियमाप्रमाणे. मूठभर धातू. वजन एका मोठ्या कांद्याएवढं.

वर्कशॉपच्या चालकाने गाडी घरी आणून सोडली. सासरे बाल्कनीतून बघत होते. गाडी इतके दिवस कुठे होती, का, काही विचारलं नाही. बुधवारी तिने रजा टाकली. भिंगरी जेवून चित्र काढत बसली होती आणि सासरे आत होते तेव्हा तिने वही सुतळीवरून काढली आणि उभ्यानेच लिहिलं. दोष : स्टीअरिंगची मोटर. कंपनीने कबूल केलं आहे. कारवाई : बदलली. मग थोडं थांबून, २३ तारखेच्या नोंदीकडे बाण काढून, लिहिलं, ‘हा दोष चालकाचा नव्हता.’ लिहून झाल्यावर तिला हलकं वाटलं. इतकं हलकं की संशय यावा. वही तिने चहाबरोबर त्यांच्यासमोर ठेवली आणि शेजारी दुसरं पत्र. त्यांनी चष्मा लावला. सगळं वाचलं. पत्र, मग नोंद, मग परत पत्र. मुंगीएवढ्या टाइपापाशी त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला नाही. त्यांना तो वाचायची गरज नव्हती.

‘अर्धी नोंद आहे,’ ते म्हणाले.

‘म्हणजे?’

‘मोटर बदलली, ठीक. पण पहिलं पत्र कधी आलं होतं?’

‘बाबा...’

‘चिकटपट्टी नवी होती. एक तिरकी.’ ते चहाच्या कपाकडे बघत बोलत होते. ‘रोज गाडीभोवती एक चक्कर मारून मगच चढायचं, ही सवय आहे. खोलीतही तेच करतो. शनिवारीच वाचलं मी. म्हटलं, बघू. ज्याची नोंद, त्याने करावी.’

शनिवार. म्हणजे चार दिवस. चार दिवस ते त्याच टेबलावर जेवत होते, मीठ मागत होते, वर्तमानपत्राची घडी घालत होते. तिला वाटलं, ओरडावं त्यांनी. तिला इतकं वाटलं की तीच ओरडली असती. ‘तुम्ही काही बोला ना, बाबा.’

‘काय बोलू?’ त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. मनगट जिथे सांधलं होतं तिथे हाड थोडं वर आलं होतं. ‘सहा महिने मी ह्याला विचारत होतो. तू का नाही फिरवलंस चाक? झोपला होतास? कुठे होतास? हा काही बोलेना. मग मला खरंच वाटायला लागलं की मी झोपलो होतो. आठवायला लागलं.’ ते थांबले. ‘झोपल्याचं आठवायला लागलं मला.’

आतल्या खोलीत भिंगरी स्वतःशी गाणं म्हणत होती, शब्द नसलेलं. तिने वही ओढली. दि. ४ फेब्रुवारी, तिने हिशेबाने लिहिलं. पहिलं पत्र घरी आलं. मी उघडलं. न वाचता मुलीला चित्रासाठी दिलं. तारीख, दोष. दोषाच्या रकान्यात पेन थांबलं आणि मग तिने लिहिलं, ‘मी’. इतका लहान शब्द, आणि चौकोनात एकटाच. तिने वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी वाचलं आणि परत तिच्याकडे सरकवली.

‘सही नाही. सहीशिवाय नोंद धरत नाहीत.’

तिने सही केली. कारवाईचा रकाना कोरा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिथे काय लिहायचं असतं? दूध प्यावे? ‘आणखी एक आहे,’ ती म्हणाली, आणि फॉर्मचं सांगितलं, ‘नाही’च्या चौकोनाचं. त्यांनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर राग आला, आणि तो तिच्याबद्दलचा नव्हता हे तिला दिसलं, त्यामुळे ती जास्तच खचली. ‘अगं, ह्याच गाड्या रस्त्यावर आहेत ना अजून? त्यांच्यातही मागे पोरं बसत असतील. कुणीतरी म्हातारा चालवत असेल. त्याच्या घरचे म्हणत असतील, डुलकी लागली.’ ते उठले. ‘आत्ता जायचं. ती नोंद आधी दुरुस्त करायची.’

‘आत्ता?’

‘पाचला बंद होतं वर्कशॉप. भिंगरीला घे, घरात एकटी कशी ठेवणार?’

तिने आकड्यावरून चावी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. तिला वाटलं होतं, हा तो क्षण; ह्याच क्षणासाठी तिने हे सगळं केलं. त्यांनी उजव्या हाताने चावी घेतली. बोटं मिटायला लागली आणि अर्ध्यावर थांबली. चावी बोटांच्या फटीतून घसरून फरशीवर पडली. दोघांनीही ती पडताना पाहिली. रबरी चेंडूवर धूळ होती, तिला आठवलं. ज्या हाताला परत काही धरायचंच नव्हतं त्याला व्यायाम कशाला? ‘आता खरंच नाही जमत,’ ते म्हणाले, तक्रार नव्हती त्यात, दोष सांगतात तसं. ‘तू चालव. मी शेजारी बसतो.’

जिन्याच्या तोंडाशी भिंगरी आली, एका पायात चप्पल, एक हातात. ‘आजोबा, हात!’ सासऱ्यांचे हात आपोआप पाठीमागे गेले. एकमेकांत अडकले. आणि ते थांबले, पुढे गेले नाहीत. भिंगरीच्या डोक्यावरून ते तिच्याकडे बघत होते. घंटी वाजल्याशिवाय गाडी हलवायची नाही अशा माणसासारखे, सरळ, पापणी न हलवता बघत होते. खाली अठरा पायऱ्या होत्या. अठरा. एका बाजूला कठडा, एका बाजूला भिंत, मधल्या वळणावर एक फरशी उचकटलेली. तिने त्या हाताकडे पाहिलं, जो आत्ताच एक चावी धरू शकला नव्हता. पत्राने त्या दिवसाचा हात दोषातून सोडवला होता. आजच्या हाताबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. डावा हात द्या म्हणावं का? कठडा डावीकडे होता. त्यांना कठडा धरायला डावा लागणार होता. तिने हे सगळं मोजलं, त्यांना ती मोजताना दिसली, आणि त्यांनी नजर खाली केली.

‘धरा, बाबा,’ ती म्हणाली. ‘धरा तिला.’

हात पाठीमागून सुटायला वेळ लागला. मग ते पुढे आले आणि भिंगरीने उजवा हात पकडला, दोन्ही मुठींनी, दोरीला धरावं तसा, कारण त्या हाताने तिला पकडलं नव्हतं. ती दोघं पहिली पायरी उतरली. आईला राहवलं नाही. ती त्यांच्या बाजूने पुढे झाली, दोन पायऱ्या खाली गेली आणि त्यांच्याकडे तोंड करून, एक हात भिंतीला, एक हात हवेत, उलटी उतरू लागली. एक. भिंगरीची चप्पल. दोन. सासऱ्यांचं मनगट. तीन. भुवईवरची पांढरी रेघ. तिची टाच प्रत्येक वेळी मागे रिकाम्यात चाचपडायची आणि पायरी सापडायची. सासरे थांबले. त्यांना कळलं होतं ती तिथे का आहे.

‘पुढे बघून चाल,’ ते म्हणाले. ‘पडशील.’

तिने ऐकलं. वळणावरची उचकटलेली फरशी आता तिच्या मागे, पाच-सहा पायऱ्यांवर कुठेतरी होती. तिला वळता येत नव्हतं. तिने पाय मागे टाकला.